होल्डवर ठेवलेला पक्षी

रविवारच्या गोष्टी बुटातल्या खड्यांसारख्या असतात. घरी येऊन कितीही झटका, दोन-चार राहतातच. आमच्याकडे तर सहा महिन्यांचे साठलेत.

बाबांना पिंपरीहून सातपूरच्या एका कारखान्यात सहा महिन्यांसाठी पाठवलं, म्हणून दिवाळीनंतर आई आणि मीही नाशिकला आलो. नव्या शाळेत मी कुणाशी फारसं बोलले नाही, त्यामुळे रविवारी कुणाकडे जायचा प्रश्नच नव्हता. बाबा मला डोंगरात घेऊन जायचे. बरोबर दोघं असायचे. एक गांगुर्डे काका, कारखान्याचे स्टोअरकीपर, इथलेच. दुसरे फडतरे काका, बाबांबरोबर पिंपरीहून आलेले इन्स्पेक्टर. तयार पार्ट मोजायचा आणि कागदावर ओके, रिजेक्ट किंवा होल्ड लिहायचं, हे त्यांचं काम. रविवारी कारखान्याला सुट्टी असते, फडतरे काकांना नसते.

*

पहिल्याच रविवारी आम्ही त्र्यंबकला ब्रह्मगिरी चढलो. वर गोदावरीचा उगम आहे. सगळे हात जोडून उभे होते. फडतरे काकांनी वॉटरबॅगचं झाकण धारेखाली धरलं आणि ते घड्याळाकडे बघत राहिले. झाकण भरायला बराच वेळ लागला.

"प्रेशर नाही," ते पुजाऱ्यांना म्हणाले.

पुजाऱ्यांनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "श्रावणात पूर आला की खाली नाशकात रामकुंडात उभे राहा. तिथे कळेल."

*

हरसूलच्या अलीकडे, रस्त्यालगतच एक ओढा आहे. डिसेंबरात तिथे मी एक पक्षी पाहिला. अंग पांढरंशुभ्र, डोकं काळं आणि शेपटी रिबिनीसारखी लांब. हाक मारायला मी तोंड उघडलं. पण माझी हाक निघेपर्यंत माणसंसुद्धा निघून जातात, हा तर पक्षी.

पाहिलेले पक्षी मी वहीत लिहायचे आणि फडतरे काका तपासून सही करायचे. या नोंदीवर ते थांबले. आणखी कुणी पाहिला का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली.

"एका माणसाचं रीडिंग हे रीडिंग नव्हे. दुसऱ्या कुणाला दिसू दे, केव्हाही. मग सही."

आणि लाल पेन्सिलीने त्यांनी लिहिलं, होल्ड. बुलबुल ओके, खंड्या ओके, आणि ज्याच्यासाठी वही घेतली असं मला वाटत होतं, तोच होल्डवर. खोटं बोलतेस असं कुणी म्हणालं नव्हतं. तरी बसमध्ये मी नाशिक येईपर्यंत खिडकीबाहेरच बघत बसले.

*

त्याच भागात एका मावशींनी आम्हाला जेवायला बसवलं. नाचणीची भाकरी ताटात पडताच फडतरे काकांनी खिशातली स्टीलची पट्टी काढली आणि भाकरीची जाडी चार ठिकाणी मोजली. चारही ठिकाणी सारखी आली. त्यांना ते पटेना, म्हणून त्यांनी पाचवी जागा शोधली.

मावशी चुलीपाशी बसून हे बघत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, भाकर खायची हाय का शिवायची?"

*

गांगुर्डे काकांचा शॉर्टकट नेहमी वीस मिनिटांचा असतो. "लय तर वीस," ते म्हणतात. अंजनेरीच्या मागे एका दगडावर एक आजोबा शेळ्या राखत बसले होते. त्यांनी सांगितलेली वाट सोडून आम्ही शॉर्टकट घेतला. तीन तास चाललो आणि पुन्हा त्याच आजोबांसमोर आलो. त्यांनी दगडावर सरकून आम्हाला जागा करून दिली.

*

संक्रांतीनंतरच्या रविवारी फडतरे काका एकदम थांबले. एका उंच झाडात काहीतरी पांढरं, लांब हलत होतं. त्यांनी दुर्बीण लावून बराच वेळ पाहिलं, माझी वही मागितली आणि लिहिलं, "पतंग. शेपटी ओके. पक्षी नाही."

*

एप्रिलमधला शेवटचा रविवार. पुढच्या आठवड्यात आमचं सामान पिंपरीला जाणार होतं, आणि तिथे तो पक्षी थोडाच येणार होता. बाबांनी मला न विचारताच हरसूलच्या ओढ्यावर जायचं ठरवलं. आम्ही सकाळपासून बसलो. बुलबुल आले, खंड्या आला. तो आला नाही.

चार वाजता फडतरे काकांना डब्यातली मटकी बाधली. पाण्याचा डबा घेऊन ते ओढ्याकाठच्या करवंदीच्या जाळीमागे गेले. आम्ही सामान उचलून वर रस्त्यावर आलो. सव्वाचारला शेवटची एसटी आली.

गांगुर्डे काकांनी हाका मारल्या. बाबांनी मारल्या. "फडतरे, गाडी आली!" कंडक्टरने ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला लावला. शेवटी मीसुद्धा ओरडले, इतक्या जोरात की बाबा दचकले. कंडक्टर पाच मिनिटं थांबला, मग बेल देऊन निघून गेला.

साप चावला की काय म्हणून गांगुर्डे काका काठी घेऊन निघाले. तेवढ्यात फडतरे काका रिकामा डबा घेऊन, पायाला मुंग्या आल्यासारखे लंगडत वर आले.

"ऐकू आलं नाही?" बाबांनी विचारलं.

"आलं."

त्यांनी हात धुतले, रुमालाला पुसले आणि माझ्याकडे वही मागितली. 'होल्ड'वर काट मारली, ओके लिहिलं, सही केली. मग शेरा लिहिला:

"वेळ चार पाच ते चार पंचवीस. अंतर सहा फूट. शेपटी एक फूट, पांढरी. पक्षी उडेपर्यंत निरीक्षक बसूनच होता."