पहिलं ‘नको’

इंग्लंडहून फोन आला तेव्हा तीन वाजून गेले होते आणि मी दुपारची नमाज आटोपून ऑफिसात उशिराचा डबा उघडून बसलो होतो. डबा मेसचा. भाजी, चपात्या, थोडा भात. पहिला घास तोंडात होता आणि पलीकडून एक बाई अदबीनं विचारत होती, "मिस्टर रफिक, तुमच्या क्लायंट मिसेस सुमन धार्मिक उपवास करत आहेत का?"

मी घास गिळला. म्हणालो, "माझ्या माहितीत तरी नाही. का?"

"त्या काही खात नाहीत. आज सकाळी वर्गात त्यांना भोवळ आली."

ही बाई तिथल्या लँग्वेज स्कूलची वेल्फेअर ऑफिसर. म्हणजे विद्यार्थी नीट जेवतो का, झोपतो का, रडतबिडत नाही ना, हे बघणारी. तिनं मला शांतपणे सांगितलं, की शुक्रवारपर्यंत मिसेस सुमन जेवायला लागल्या नाहीत, तर शाळा त्यांची जबाबदारी घेऊ शकणार नाही. कोर्स अर्धवट ठेवून त्यांना घरी परत पाठवावं लागेल.

जुन्नरच्या स्टँडजवळ माझं ट्रॅव्हलचं ऑफिस. वडिलांच्या काळात तिथून फक्त हजची माणसं जायची. मी त्यात उमरा, दुबई, सिंगापूर असं करत करत लँग्वेज हॉलिडेपर्यंत आलो. लँग्वेज हॉलिडे म्हणजे सुट्टी आणि शिकवणी एकत्र. सकाळी शाळेत इंग्रजी शिकायचं, दुपारनंतर गाव हिंडायचं आणि राहायचं तिथल्याच एखाद्या कुटुंबात. त्या राहण्याला होमस्टे म्हणतात. नाश्ता आणि रात्रीचं जेवण घरमालकीण देते, याला हाफ-बोर्ड म्हणतात. हल्ली हे सगळं लोक मोबाइलवर स्वतःच बुक करतात. मी सवय म्हणून ऑफिसात जाऊन बसतो. पण तेव्हा लोक यायचे, चहा प्यायचे, पासपोर्ट माझ्या टेबलावर ठेवून शेतावरच्या गप्पा मारायचे. फार बरं वाटायचं.

सुमनताई येडगावची. धरणाच्या पाण्याकडेला त्यांचं शेत, आणि शेतात पर्यटकांसाठी चार खोल्या. नवरा बबनराव शेती बघायचा, ताई पाहुणे बघायची. ताईच्या हाताला अशी चव, की पुण्याची माणसं खास मासवडी खायला यायची. दर हिवाळ्यात परदेशी कॉलेजची मुलं जुन्नरची लेणी बघायला येऊन तिच्याकडे उतरायची. त्या मुलांचं बोलणं तिला कळायचं नाही. मग ती मला फोन लावायची आणि फोन स्पीकरवर टाकायची. "रफिकभाऊ, ही पोरगी काय म्हणतीय बघा बरं." मी जुन्नरला बसून दुभाष्याचं काम करायचो. पोरीला बहुतेक वेळा गरम पाणी हवं असायचं.

मागच्या खेपेला त्या मुलांच्या कोऑर्डिनेटर मॅडम जाताना माझ्याकडे स्पष्ट बोलल्या. जागा सुंदर आहे, माणसं प्रेमळ आहेत, पण मुलांना घरातल्यांशी थेट बोलता येत नाही. शिवाय पोट भरलं म्हटलं तरी वाढत राहतात, मुलं घाबरतात. पुढच्या वर्षी माळशेजकडचं एखादं रिसॉर्ट बघू.

मी हे ताईला सांगितलं. ती दोन दिवसांनी बबनरावाला घेऊन ऑफिसात हजर.

"मला इंग्रजी शिकायचंय. तितं जाऊन."

"ताई, पुण्यात क्लास आहेत."

"पुण्यात मी मराठीच बोलंन, भाऊ. मला असं ठिकाण सांगा जितं मराठी बोलायला कुनी न्हाई."

म्हणून मी तिला इंग्लंडच्या समुद्रकाठच्या एका छोट्या गावात पाठवलं होतं. घरमालकीण डोरीन नावाची एकटी राहणारी म्हातारी. आणि आता ही बातमी.

आधी मी बबनरावाला फोन केला.

"ताई कसला उपास करतात का?"

"चतुर्थी सोडली तर कायबी न्हाई. का व्हो?"

सांगावं लागलं. तो म्हणाला, "परत बोलवा तिला. इंग्रजी गेलं खड्ड्यात. पोरं न्हाई आली तर न्हाई आली."

"आणि ताई काय म्हणतील?"

"जल्मभर बोलायची न्हाई माझ्याशी," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

तिथल्या जेवणाच्या सुट्टीची वेळ साधून मी ताईला व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल केला. शाळेच्या बागेत बाकावर बसली होती. अंगावर दोन स्वेटर, चेहरा उतरलेला.

"तब्येत कशी आहे?"

"बरी हाय."

"जेवण आवडत नाही का? मी शाकाहारी लिहून दिलं होतं."

"जेवान लई चांगलं हाय ओ. बटाट्याचं काय काय करत्यात. वास घेऊनच जीव वेडा व्हतो."

"मग खात का नाही?"

ती इकडेतिकडे बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "भाऊ, त्या एकदाच इचारत्यात."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपल्याकडे पाहुण्यानं पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, जरा हळू आवाजात. तिसऱ्यांदा यजमानानं हात धरून वाढायचं. पहिल्याच विचारण्याला ताट पुढे करणारा पाहुणा हावरट, आणि पहिल्या नकोवर पुढे जाणारा यजमान कंजूष. हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. जुन्नरात माझ्या लहानपणी आमच्या मोहल्ल्यात काय, शेजारच्या आळीत काय, पहिल्या नकोला कुठल्याच घरात किंमत नव्हती. माझी बायको शमीम तर पाहुण्यानं ताटावर आडवा धरलेला हात बाजूला करून वाढायची.

डोरीनबाई रोज संध्याकाळी विचारायच्या, थोडं घेणार का? सुमनताई म्हणायची, "नो, थँक यू." डोरीनबाई भांडं उचलून आत न्यायच्या. ताई बघत राहायची.

"आणि सकाळी?"

"सकाळी म्हंत्यात, कपाटात हाय ते घ्या. आता दुसऱ्या बाईच्या सैपाकघरातलं कपाट कसं उघडायचं? मी आपली चहा पिऊन निगती."

"दुपारी काहीतरी विकत घ्यायचं."

"दुकानात काय मागायचं तेच सुचत न्हाई."

"अहो, तुम्ही लाडू नेले होते. दशम्या होत्या."

"ते पयल्या दिवशीच वर्गात वाटले. लेकरं लांबलांबच्या देशातनं आल्याली, घरापासनं लांब. कुनी न्हाई म्हटलं त्यालाबी दिलं."

मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. उपाशी पोटी ही बाई तिथंही यजमानीणच झाली होती.

"ताई, आजपासून पहिल्यांदाच हो म्हणायचं."

"पयल्यांदाच?" तिचा चेहरा असा झाला, की मी जणू तिला चोरी करायला सांगतोय. "लाज न्हाई वाटायची?"

"तिकडे त्यात लाज नसते. चला, प्रॅक्टिस करू. मी डोरीनबाई. वुड यू लाइक सम, सुमन?"

"नो, थँक यू."

"ताई!"

"तोंडातनं जातंच ओ. पुन्यांदा इचारा."

पुन्हा विचारलं. पुन्हा नो. मग ती येस म्हणाली, पण इतक्या बारीक आवाजात, की डोरीनबाईंच्या कानात यंत्र असतं तरी ऐकू आलं नसतं. पलीकडच्या बाकावरचा एक जपानी मुलगा आमची ही तालीम सँडविच खात बघत होता.

शेवटी मी म्हणालो, "जमत नसेल तर त्यांना सगळं सांगून टाका. आपल्याकडे कसं असतं ते."

"इंग्रजीत?"

"मग कशात?"

मी वेल्फेअरवाल्या बाईला कळवलं की उपवास नाही, आजार नाही, रीत आहे. तिला ते कितपत कळलं कोण जाणे. शुक्रवारपर्यंत थांबू, एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी फोन करायच्या आत ताईचाच आला. आवाजावरूनच कळलं, बाई जेवलीय.

रात्री डोरीनबाईंनी नेहमीसारखं विचारलं. हिनं नेहमीसारखं नो म्हटलं. त्या भांडं उचलायला लागल्या तशी हिनं भांड्याचा दुसरा कान धरला. आणि म्हणाली, "माय व्हिलेज, फर्स्ट नो, नॉट नो. सेकंड नो, नॉट नो. थर्ड नो, रिअल नो. आय वेट थर्ड. यू गो किचन."

डोरीनबाई भांडं तिथंच ठेवून खाली बसल्या. आधी त्यांना कळेना. मग ताईनं उठून, दोघींच्या जागा बदलून, करून दाखवलं. स्वतः वाढणारी झाली, त्यांना पाहुणी केलं. तेव्हा त्या म्हातारीला इतकं हसू आलं, की डोळे पुसावे लागले. आणि डोळे पुसता पुसता म्हणाल्या, की त्यांची आजी आयर्लंडची होती. तिच्या घरीही असंच चालायचं. आपण हे पार विसरून गेलो होतो, असं म्हणून त्या बराच वेळ आजीबद्दल बोलत राहिल्या.

"सगळं कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

"निम्मं कळलं. निम्म्याला मी रडले."

त्यानंतर डोरीनबाई रोज तीनदा विचारायला लागल्या. दर नकोला कारण मागायच्या. पोट भरलं का? मीठ जास्त झालं का? तुझ्या सासूनं काय केलं असतं? ताईला उत्तरं द्यावी लागायची. शाळेत व्याकरण शिकवत होते, पण इंग्रजी ती त्या जेवणाच्या टेबलावर शिकली, हे मी खात्रीनं सांगतो. शुक्रवारी वेल्फेअरवाल्या बाईचा मेल आला. मिसेस सुमन उत्तम जेवत आहेत, फक्त त्यांना टेबलावरून लवकर उठवता येत नाही.

त्या हिवाळ्यात कॉलेजची मुलं येडगावला आली. कोऑर्डिनेटर मॅडमना ताईनं आधीच स्वतः फोन करून सांगितलं होतं, एकदा येऊन बघा, मग रिसॉर्टचं ठरवा. मलाही जेवायला बोलावलं होतं. दुभाषा म्हणून नव्हे, पाहुणा म्हणून. हे पहिल्यांदाच.

ओसरीवर पंगत. ताई वाढत होती. मुलांना विचारत होती, थट्टा करत होती, कोण कुठल्या गावचा, आई काय करते, सगळं इंग्रजीत. मोडकंतोडकं, पण न अडखळता. एका मुलीनं "नो, थँक यू" म्हटलं. ताईचा हात रश्श्याच्या पळीसकट हवेत थांबला. क्षणभर मला वाटलं, आता पडतोच रस्सा. पण ती "ओके" म्हणाली आणि पुढे गेली. शेजारच्या म्हातारीनं कपाळाला हात लावला. "अगं, लेकरू उपाशी ऱ्हाईल."

"न्हाई ऱ्हात, आत्या. त्यांचं न्हाई म्हंजे न्हाईच असतं."

मॅडमनी जेवण संपायच्या आत पुढच्या हिवाळ्याच्या तारखा विचारल्या. बबनराव उगाचच गायीला पाणी दाखवायला उठून गेला.

तेव्हापासून माझ्याकडे परदेशी शिकायला जाणारा कुणी आला, की पासपोर्ट, प्लग, स्वेटर हे सांगून झाल्यावर मी एक गोष्ट जास्तीची सांगतो. पहिल्यांदाच हो म्हणा. व्याकरण तिकडे गेल्यावर बघू.

पण मला सांगायचं आहे ते त्या पंगतीतलं. ताई वाढत वाढत माझ्यापर्यंत आली. "रफिकभाऊ, मासवडी?"

माझं ताट रिकामं होतं. भूक होती. तरी तोंडातून गेलं, "नको, नको, बास."

ताई पुढे गेली.

मी ताटाकडे बघत बसलो. शमीम गेल्यापासून घरात मला दुसऱ्यांदा विचारणारं कुणी नाही. मेसचा डबा तर एकदाही विचारत नाही. मीच या बाईला एकदाच विचारणाऱ्या देशात पाठवलं होतं, तक्रार तरी कुणाकडे करणार? मी पाण्याचा तांब्या उचलला.

चार ताटं पुढे गेलेली ताई थांबली. वळून माझ्याकडे बघितलं, मग माझ्या ताटाकडे. पळी हातात तशीच.

"भाऊ," ती म्हणाली, "हे नको इंग्रजी हाय का मराठी?"

मी म्हणालो, "मराठी."