मिठाचा बाक

आमच्या डोंगरउतारावर खाऱ्या झऱ्याच्या पाण्याचे मिठाचे वाफे आहेत. त्यातले काही सातुकाचे, तिच्या आईकडून आलेले. ती माझ्याहून खूप मोठी, तरी मैत्रीण. कुस्को शहरात साहित्य शिकून मी परतले तेव्हा म्हणाली, "झालं शिकून? आता फावडं धर."

जिल्ह्याच्या इस्पितळात डोळ्यांच्या खोलीबाहेर दोन बाक आहेत. एक मिठागरवाल्यांचा, दुसरा बाकीच्यांचा. त्यावर बसलेल्या सगळ्यांना तेच थेंब मिळतात. ऊन, खार, लाल डोळा. बहुतेकदा ते खरंही असतं. म्हणूनच कुणी पुढे बघत नाही.

सातुकाचा उजवा डोळा ठणकू लागला. ओकाऱ्या झाल्या. ती त्याच बाकावर बसली.

"मिठागरातली का, मामिता?" डॉक्टर बेदोयानं विचारलं. गावाकडच्या बायकांना ते सरसकट असंच, 'आईबाई' म्हणतात.

"हो. पण डोकं फुटतंय, डॉक्टर. दिव्याभोवती रंगीत कडी..."

"डोळ्यात खार गेलाय. मोठी टोपी घाल."

पुढच्या आठवड्यात दुसरा डॉक्टर होता. "बेदोया काय म्हणाले?"

"खार."

"मग खारच." थेंब वाढले.

मी तिला कुस्कोला नेलं तोवर तो डोळा गेला होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यातला दाब मोजला. काचबिंदू. "मिठागर ऐकलं की उत्तर आधीच ठरतं," त्या म्हणाल्या. "मग डोळ्याला कोण विचारतो?" डाव्यासाठी लेसरची तारीख दिली. मध्येच दुखला तर जवळच्या इस्पितळात लगेच दाब मोजून घ्यायला सांगितलं.

मध्येच दुखला.

"जरा शहरी कपडे घाल," मी म्हणाले.

"का? डोळा बघायचाय की घागरा?" खारानं पांढरा पडलेला घागराच तिनं घातला.

"मिठाचा बाक तिकडे," शिपाई ओरडला. ती थेट आत जाऊन खुर्चीत बसली.

"पुन्हा खार, मामिता?" बेदोया हसला.

"आधी दाब मोज, पोरा. मग तुझा खार ऐकते."

यंत्र त्याच खोलीत होतं. टेबलावर, कापडाखाली. त्यानं मोजलं. पुन्हा मोजलं. हसू गेलं. दंडात सुई टोचली, कुस्कोला न्यायला गाडी बोलावली. डावा डोळा वाचला.

बेदोया वाईट माणूस नाही. म्हणूनच मला जास्त संताप येतो. त्या दिवशी गाडीपर्यंत तो धावत आला, तिचा हात धरला आणि म्हणाला, "ती कडी पहिल्याच दिवशी सांगायची होतीस, मामिता."

"सांगितली होती," सातुका म्हणाली. "तू माझी टोपी बघत होतास."

काल मी तिथे गेले होते. मिठाचा बाक तसाच भरलेला होता.