भिंतीच्या जागी युक्का

प्रशांतचा फोन आला तेव्हा मी ओट्याशी उभी राहून पोहे भिजवत होते. "काकू, आई गेली," एवढंच तो म्हणाला. प्रशांत माझा पुतण्या, माझ्या थोरल्या जाऊबाईंचा, इंदूताईंचा एकुलता मुलगा. त्यांचं हृदय थकलं होतं. रामदासपेठेतल्या दवाखान्यात त्या आठवडाभर होत्या आणि डॉक्टरांनी आम्हाला कल्पनाही दिली होती. पण आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसून आले, तेव्हा त्या नेहमीसारख्याच बोलत होत्या. ऊन तापायला लागलंय, कूलरची खस बदलून घेतली का, हे त्यांनी मला विचारलं. नाही म्हटल्यावर कोणाला बोलवायचं, तो कसा चुकार आहे आणि त्याच्या मागे उभं राहूनच काम कसं करून घ्यायचं, हे सगळं नीट सांगितलं. खाटेवर पडल्या पडल्या त्या दोन्ही घरं चालवत होत्या. आपण आता जाणार आहोत असं वाटणारं माणूस असं बोलत नाही, अशी समजूत करून घेत मी रिक्षात बसले होते.

इंदूताई काटोलकडच्या. माहेरी संत्र्याची बाग, घरात माणसांचा राबता, आणि आवाज असा की बागेच्या या टोकाला हाक मारली तर त्या टोकाचा गडी ओ देईल. मी नागपुरातल्या महाल भागातली, चार खोल्यांत वाढलेली, विमा कार्यालयात कारकुनी करणारी. आम्ही दोघी एका घरात सुना म्हणून आलो खऱ्या, पण सासरे होते तोवर आमच्यात कामापुरतंच बोलणं होतं. सासऱ्यांचा सक्करदऱ्यातला प्लॉट होता. ते गेल्यावर दोघा भावांनी त्यावर आपापली दोन बसकी घरं बांधली. मधे एक बोळ राहिली, दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी. त्या बोळीत भिंत घालावी असं माझ्या यजमानांचं म्हणणं; आपापलं आपल्यापाशी, पुढे वाद नको. वडिलांच्या जागेत भिंत उभी राहणार नाही, असं दादांचं, इंदूताईंच्या यजमानांचं, म्हणणं. दिवाळीच्या फराळाला बसलेले असताना विषय निघाला. भिंतीवरून बोलणं वडिलांच्या आजारपणात कोणी किती केलं यावर गेलं, आणि जे बोलू नये ते दोघंही बोलले. त्यानंतर भाऊ भावाशी बोलेना. आमच्या दारात विटांचा ढीग येऊन पडला. गवंडी दोन दिवसांनी येणार होता.

तो यायच्या आत एका सकाळी दार उघडून पाहते, तर बोळीच्या मधोमध, पार रस्त्यापासून मागच्या नळापर्यंत, इंदूताईंनी झाडं लावून टाकलेली. प्रशांत तेव्हा मिहानमधल्या एका कंपनीत कामाला होता. तिथल्या हिरवळीत शोभेसाठी लावलेला युक्का माळ्यांनी पाणी पाजून पाजून कुजवला आणि उपटून बाहेर टाकला. त्यातले जगण्यासारखे बुंधे हा मुलगा गाडीच्या डिकीत घालून घेऊन आला होता. युक्का मूळचा वाळवंटातला. पानं सरळ, ताठ, टोकाशी सुईसारखी. आमच्या यजमानांनी दारातूनच ते पाहिलं आणि म्हणाले, "आता भिंत कशाला? यांनी आपल्या दारात काटेच पेरले." गवंड्याला नको म्हणून निरोप गेला. विटा पुढे मागच्या मोरीला लागल्या.

नात्यात या गोष्टीचा बराच बोभाटा झाला. थोरलीनं धाकट्या दिराच्या दारात काटे लावले, हे लग्नाकार्यात एकमेकींच्या कानाशी लागून बायका सांगत. आळीतल्या एक आजी मुद्दाम येऊन सांगून गेल्या की काटेरी झाड दारात असलं की घरात भांडण राहतं. इंदूताईंनी त्यांना चहा दिला आणि भांडण झाडाच्या आधीच झालेलं आहे, असं शांतपणे सांगून वाटेला लावलं. मी हे सगळं माझ्या खिडकीतून ऐकत असे. त्या रोज सकाळी झाडांकडे एक फेरी मारत. जास्वंदीला, मोगऱ्याला बादलीनं पाणी घालत. या रांगेला मात्र थेंब नाही. नवतपा लागला, उन्हाळ्यातले ते नऊ जळते दिवस, डांबर वितळायला आलं, माझ्या कुंड्यांतली शेवंती करपून गेली, आणि त्या रांगेचं एक पानही मान टाकेना. आमचं बोलणं नव्हतं म्हणून मी विचारलं नाही, पण मनातून मला त्या झाडांचा हेवा वाटे. खरं म्हणजे इंदूताईंचाही.

अशी काही वर्षं गेली. मग एका श्रावणात पावसानं दिवसच्या दिवस उसंत दिली नाही. सक्करदऱ्याची जमीन काळी, एकदा भिजली की पाणी सोडत नाही. एका दुपारी मागच्या पायरीशी हाक आली. कित्येक वर्षांनी इंदूताई माझ्या दारात उभ्या होत्या, पदर खोचलेला, हातात कोयता. "सुनंदा, एक झाड तुह्या बाजूले पडलं वं. हात लाव जरा," त्या म्हणाल्या. मी चपलाही न घालता गेले. झाड उचललं तर बुंधा खालून मऊ पडला होता, कुजलेल्या बटाट्यासारखा वास येत होता. बाकीचीही हलवून पाहिली तर निम्मी तशीच. मला वाटलं, संपलं. इंदूताईंना तसं वाटलं नाही. या झाडाला ऊन मारत नाही, पाणी मारतं, हे त्या मला सांगत होत्या आणि एकीकडे कोयत्यानं बुंध्याचे काप काढत होत्या, पांढराशुभ्र, घट्ट गर लागेपर्यंत. ते शेंडे त्यांनी माझ्याच पडवीत, सावलीला, आडवे मांडले. कापलेल्या जागेवर कोरडी साल धरल्याशिवाय मातीत लावायचं नाही, म्हणाल्या. त्यांच्या घराला पडवी नव्हती. तेव्हा झाडं वाळेपर्यंत त्यांना रोज माझ्याकडे यावं लागणार होतं, आणि आल्यावर चहा विचारणं मला भाग होतं.

साल धरली तोवर पावसानं उघडीप दिली. आता त्यांना बोळीत उंच वाफा करायचा होता. काळी माती काढून तिथे मुरूम आणि जाड रेती भरायची, म्हणजे पाणी थांबणार नाही. पण वाफा उंच करायचा तर रुंदही हवा, आणि तो आमच्या बाजूला वीतभर सरकणार होता. त्यांनी मला सरळ विचारलं. मी हो म्हटलं, पण वीतभर जागेसाठीच तर सगळं झालं होतं. मुरमाची गाडी रस्त्यावर खाली झाली. दादा एकटेच घमेलं भरून आत आणू लागले. वय झालेलं, तिसऱ्या खेपेलाच दम लागलेला. आमचे यजमान खुर्चीत पेपर वाचत होते. पेपर त्यांनी दोनदा घडी केला, दोनदा उघडला... मग उठले, पायजमा वर खोचला आणि मागच्या दारातलं दुसरं घमेलं उचलून निघाले. मुरूम पसरून झाला आणि दादा फावड्यानं उतार काढू लागले, तेव्हा माझे यजमान म्हणाले, "दादा, तिकडे उतार दिला तर पाणी तुमच्या स्वयंपाकघरात शिरेल."

दादा वर न पाहता म्हणाले, "मंग तुह्याकडे देऊ का गा?"

"रस्त्याकडे काढू की. मी धरतो दोरी."

आणि दोघं भाऊ दोरी ताणून, एकेका टोकाला उकिडवे बसून, पाणी कुठून जाईल यावर अंधार पडेपर्यंत वाद घालत राहिले. आम्ही दोघी पायरीवर बसून ऐकत होतो. इतक्या वर्षांनी त्यांना वाद घालताना ऐकून आम्हाला इतकं बरं वाटेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्याच दिवशी, तिथेच बसल्या बसल्या, मी त्यांना विचारलं की ताई, ही झाडं तुम्ही आमच्यावर रागावूनच लावली होती ना? त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "रागानंच लावली," त्या म्हणाल्या. "तुह्या नवऱ्याचा लई राग आला होता मले. पण भिंत एकदा उभी राह्यली का मंग कोणी पाडत नाई वं. झाडाचं काय, कधी बी उपटता येते."

उपटायची वेळ मात्र कधी आली नाही. सुकवलेल्या शेंड्यांना मुरमात मुळं फुटली आणि पुढच्या एका उन्हाळ्यात रांगेच्या मधल्या झाडातून मनगटाएवढा दांडा वर आला. त्याला पांढऱ्या घंटांसारखी फुलं लागली, खालपासून वरपर्यंत. नागपुरात बाकी सगळं भाजून निघत असताना ती फुलं पाहून रस्त्यानं जाणारे गाडी थांबवायचे. कोणी म्हणे घायपात, कोणी म्हणे कोरफड. इंदूताई प्रत्येकाला उभं करून नाव सांगत आणि बुंध्याशी फुटलेलं एखादं पिल्लू हातावर ठेवत. सोबत दम भरत, की पाणी घालायची हौस असेल तर घेऊन जाऊ नका. आज आमच्या आळीत अनेक फाटकांशी युक्का उभा आहे. काटे पेरले म्हणून सांगणाऱ्या नातेवाइकांनीही पिल्लं नेली. पानांची टोकं मात्र त्या स्वतः कात्रीनं छाटत, जाता-येता कोणाच्या डोळ्याला लागू नये म्हणून. आमच्या बाजूची टोकं आधी, मग स्वतःकडची.

पुढे दादा गेले, दोन वर्षांनी माझे यजमानही. प्रशांत नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि आईला तिकडे नेण्यासाठी त्यानं जंग जंग पछाडलं. इंदूताई एकदा जाऊन आल्या. तिथली हवा चांगली आहे, पण तिथे कोणाशी मनसोक्त भांडता येत नाही, असं त्यांनी परत आल्यावर मला सांगितलं. मग आम्ही दोघीच उरलो, बोळीच्या दोन बाजूंना. सकाळचा चहा माझ्याकडे, संध्याकाळचा त्यांच्याकडे. एकटेपण आलं नाही असं नाही... पण त्या असताना ते फार वेळ टिकायचं नाही.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. प्रशांत आणि त्याची बायको रेवती घरूनच काम करत महिनाभर इथे राहिलेत. रेवती गुणाची मुलगी. सासूच्या मागे घर नीट राहावं म्हणून दिवसभर काही ना काही करत असते. परवा दुपारी कडक ऊन होतं. मी पडवीत आले तर ती बोळीत पाइप घेऊन उभी, झाडांच्या बुंध्याशी धार धरलेली, मुरमावर पाणी साचायला लागलेलं. आईंची झाडं वाळू नयेत, एवढंच तिच्या मनात. मी पायरी उतरले आणि ओरडलेच.

"काहून पानी देऊन राहिली वं त्याले? सडून जाईन ना ते!"

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. प्रशांत अनवाणी धावत दारात आला आणि मला पाहून तिथेच थबकला. फरशी तापलेली होती, पण तो हलेना. रेवतीच्या हातातला पाइप तसाच वाहत होता. महालातल्या आमच्या घरात ‘मले-तुले’ कोणी बोलत नसे. आयुष्यभर कार्यालयात, घरात, नवऱ्याशी भांडतानासुद्धा मी तशी बोलले नाही. माझ्या तोंडात हे कधी येऊन बसलं, मला कळलं नाही.

रेवतीनं नळ बंद केला. पाइप गुंडाळत तिनं हळूच विचारलं, "मग मी काय करू, काकू?"

"काई नको करू," मी म्हटलं. "ये, बस माह्याजवळ."