नववं मत

गावाने थेट निवडून दिलेला सरपंच मुदतीआधी खुर्चीवरून उतरवता येतो, हे तुम्हाला कुणी कधी सांगितलं आहे का?

शिरोळ तालुक्यातल्या एका गावच्या आठ ग्रामपंचायत सदस्यांनाही सांगितलं नव्हतं. ते कोल्हापुरात माझ्या वकिलीच्या ऑफिसात आले ते हात टेकून. खालच्या गल्लीने विरोधात मतं दिली, म्हणून सरपंचाने तिचा पाण्याचा व्हॉल्व्ह चार महिने बंद ठेवला होता. अर्ज करून झाले होते. मी म्हटलं, मग अविश्वास ठराव आणा.

कायदा सरळ आहे. दोन तृतीयांश सदस्यांनी तहसीलदारांना कारणांसह नोटीस द्यायची. ते सात दिवसांत विशेष सभा बोलावतात. तिथे तीन चतुर्थांश मतं मिळाली, की ग्रामसभा गुप्त मतदानाने शेवटचा निकाल देते. सरपंच धरून मतदार बारा. नोटिशीला आठ सह्या पुरल्या. ठरावाला नऊ मतं हवी होती.

सभेच्या तीन दिवस आधी सरपंचाने आपली माणसं कोकणात सहलीला नेली. आमचे आठही जण गळाठले. मी विचारलं, गेलं कोण कोण? दोन सदस्य आणि अक्काताईंचे बाळासो.

"आणि अक्काताई?"

"ती घरातच हाय की. तिला कशाला नेत्यात?"

निवडून अक्काताई आल्या होत्या. पण तीन वर्षं खुर्चीत नवरा बसत होता. सगळ्या गावाला याची इतकी सवय, की सरपंचानेही मत सोडून नवराच उचलून नेला!

मी तडक त्यांच्या घरी गेले. त्या म्हशीची धार काढत होत्या. खालच्या गल्लीतल्या बायका त्यांच्याच बोअरवर घागरी घेऊन उभ्या. मी कायदा सांगितला. दबाव आणला नाही, आणणारही नव्हते.

"तीन वर्सात मला कुणी इचारलंच न्हाय, वकीलबाई," त्या म्हणाल्या. "सही तेवढी करून नेत्यात. येतो की मी."

सभेच्या दिवशी सहलीची गाडी थेट पंचायतीच्या दारात आली. बाळासो सवयीने खुर्चीत बसले. तहसीलदारांनी यादीवरून नजर उचलली.

"आपण कोण?"

"मेंबर."

"यादीत अक्काताई आहेत."

"एकच की वो सायेब. मी तिचा मालक."

"मालकांनी बाहेर थांबावं."

बाळासो उठले. तेवढ्यात अक्काताई आत आल्या आणि त्याच खुर्चीत बसल्या. सरपंच नवऱ्याकडे बघत राहिला, नवरा बायकोकडे. ठरावाच्या बाजूने हात वर करायला सांगितल्यावर नऊ हात वर गेले. नववा सगळ्यांत उंच होता.

ग्रामसभेतही गावाने ठराव उचलून धरला. सरपंच पायउतार झाला आणि त्याच संध्याकाळी व्हॉल्व्ह उघडला.

आम्ही जिंकलो ते माझ्या हुशारीने नव्हे. बाईला मोजायचं नाही, ही समोरच्याची सवय त्याच्यावरच उलटली. प्रत्येक गावात असं नशीब येत नाही. म्हणून मागणं एवढंच: पुढच्या ग्रामसभेला जा. निवडून आलेल्या बाईंच्या खुर्चीत दुसरं कुणी दिसलं, तर उभं राहून त्याला उठवा. बाई येईपर्यंत सभा सुरू होऊ देऊ नका.