घासणीची झाडं

दौंडच्या दवाखान्यात वडिलांचं ऑपरेशन चालू होतं. बाकावर शेजारी बसलेला माणूस अंड्यांचा ट्रे कापून बोटाएवढे डोंगर करत होता. "खेळण्यातल्या बारक्या सैनिकांची लढाई खेळतो आमी मित्र. हे तिचं मैदान," तो म्हणाला. माझे पाय सारखे हलताना बघून त्यानं भांड्यांची हिरवी घासणी माझ्या हातात दिली. "ह्याची झाडं करा. हात रिकामे राहिले की डोकं नको तिथं जातं."

मी तुकडे तोडत राहिलो, तो ते काडेपेटीच्या काड्यांवर चिकटवत गेला. छोटं जंगल उभं राहिलं, तेवढ्यात सिस्टर आल्या. "वडील शुद्धीवर आलेत, बोलतायत."

माझा जीव भांड्यात पडला. तोही मनापासून हसला.

"जावा, भेटा त्यांना. माझी बायको अजून आत हाय. तवर मी नदी करून घेतो."