राघूने स्वतःला दिलेले दोन गुण

जानकी, इकडे ये, अशी जवळ बस. बापाचे दिवस करून चेन्नईला परत गेलीस आणि फोनवर काय बोललीस? "आत्या, बाबांचा कंपनीतला कामाच्या आढाव्याचा फॉर्म सापडला. त्यांनाच वाटत होतं, आपल्याला काम येत नाही." असं बोलतात का गं? माझं ऐकायच्या आत फोनही ठेवलास. म्हणून लिहितेय, आणि चार लोक वाचतील अशा जागी लिहितेय. माझी चूक झाकण्यासाठी माझा धाकटा भाऊ राघू अडाणी ठरायला नको.

तो गेला त्या सकाळी मी नारळ खोवत होते. भिंतीपलीकडून रोज येणारा त्याचा खोकला आला नाही. जाऊन बघते तर खुर्चीत बसलेला, पायात बूट... कामावरून काढल्याला आठ महिने झाले होते, तरी सात वाजले की बूट घालून बसायचा.

तिरुवलंचुळीच्या रस्त्यावरचा त्याचा कारखाना तुला ठाऊक आहे. भाताच्या गिरणीत साळ सोलायला रबरी रोल लागतात, ते तिथे होतात. रोल कडक झाला तर तांदूळ तुटतो, मऊ झाला तर लवकर झिजतो. रबर मिसळायचं खातं राघूचं. मिसळलेल्या रबरात अंगठ्याचं नख रोवायचा आणि म्हणायचा, "अजून दोन मिनिटं फिरू दे." तपासायचं यंत्र मागाहून तेच सांगायचं.

दर वर्षी आढाव्याचा फॉर्म यायचा. आपल्या कामाला पाचापैकी गुण आपणच द्यायचे, काय ही तऱ्हा! पहिल्या वर्षी तो माझ्याकडे आला. "अक्का, किती लिहू?"

"आपल्या घरात कोणी सांबाराची तारीफ केली तर काय म्हणतात?"

"कसचं काय, मीठ जरा कमीच पडलं."

"मग? मराठी राजाच्या चाकरीसाठी इकडे आलेल्या माणसांचं घर आपलं. आपल्या तोंडाने आपली थोरवी सांगायची नाही. दोन लिही."

"तीन लिहू का?"

"माजलास का रे?"

हसला आणि दोन लिहिले. पुढेही दर वर्षी दोनच. जुना मॅनेजर कुंभकोणमचाच, आपल्या लोकांची रीत ओळखणारा. "राव सार, तुमचे दोन म्हणजे आमचे पाच," म्हणायचा आणि स्वतःच्या हाताने पाच करायचा. त्यामुळे ही चूक आहे हे आम्हाला कधी कळलंच नाही.

मग कंपनी दुसऱ्यांच्या हातात गेली, दोनाचे पाच करणारा मॅनेजरही बदलला. वर्ष चांगलं गेलं होतं, गिरण्यांकडून एकही रोल परत आला नव्हता, तसा तक्ता भिंतीवर लावून कंपनीने लाडू वाटले. महिन्याभरात तेच लोक म्हणाले, पुनर्रचना. किती गोड शब्द, माणसं हाकलायला! मिसळायचं खातं चेन्नईजवळ नेलं. तिथे मोजकीच माणसं हवी होती, ज्यांचे गुण कमी ते घरी. नवा साहेब कम्प्युटरकडे बघत म्हणाला, "तुम्हीच लिहिलंय ना, सार?" राघू नमस्कार करून उठून आला. आपली बाजू ओरडून मांडायची नाही, हेही मीच शिकवलेलं.

आता म्हणे नव्या रोलनी तांदूळ तुटतो, गिरणीवाले शिव्या घालतात. ऐकून मला बरं वाटलं. म्हातारीला शोभत नाही, पण वाटलं.

मला त्याने कधी बोल लावला नाही. एकदाच, गच्चीवर मी सांडगे उलटत होते तेव्हा विचारलं, "अक्का, पाच लिहायला हवे होते का गं?" मी ऐकू न आल्यासारखं केलं... पाठ फिरवून सांडगे उलटत राहिले. "हो" एवढा एक शब्द, तो त्याला द्यायला हवा होता. तर पोरी, ते दोन गुण तुझ्या बापाचे नव्हेत, माझे आहेत. रागवायचं तर माझ्यावर रागाव.

माझ्या स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटायचं, मी दचकायचे. राघूने चौकटीला रबराची पट्टी बसवून दिली, किती वर्षं झाली कोण जाणे. ते दार अजून आवाज न करता मिटतं. ये, माझ्याशी भांड, आणि रागाने ते दार आपटून बघ. तुझा बाप आपटू देणार नाही. पण लवकर ये गं.