पाठीवरची आई

समोरच्या दोरीवर आज एक म्हातारी हसत हसत वाळत होती.

मुलाच्या नोकरीपायी मी सध्या घानात राहतो. इथे म्हातारं माणूस गेलं, की मेणाच्या छपाईच्या सुती कापडावर त्याचा चेहरा उमटवतात आणि सगळं गोत तेच कापड अंगावर घालून नाचतं. शेजारच्या आमा नावाच्या बाईने तिच्या आईचं असं कापड माझ्याकडे शिवायला आणलं होतं. मी चार यत्ता शिकलेला, पण शिंपी पक्का. चेहऱ्याला कात्री न लावता आईला झग्याच्या बरोबर छातीवर बसवलं.

आमाला ती पाठीवर हवी होती. मुलाने तिचं म्हणणं मला मराठीत सांगितलं.

“आईला कुणी मागे टाकतं होय?” मी म्हटलं.

“नाना, झगा तिचा आहे.”

“हात माझे आहेत!”

आमा हसली, वाकली आणि स्वतःची पाठ थोपटून म्हणाली आणि मुलाने मला सांगितलं, “लहानपणी तिने मला इथे बांधून बाजार केला. आता मी तिला नेणार.”

पन्नास वर्षांत गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून मी चांगली शिवण उसवली नव्हती. ती उसवली.

आपण गेलेल्या माणसाला भिंतीवर टांगतो आणि धूळ पुसायची विसरतो. ही माणसं त्याला धुतात, वाळवतात, बाजारात फिरवतात.

दुपारी आमा दोरीवरचा तोच झगा घालून निघाली. म्हातारी पाठीवरून माझ्याकडे बघत गेली. शिवण कुठेही ओढत नव्हती.

मी मुलाला म्हटलं, “माझाही एक हसरा फोटो काढून ठेव. तुझ्या पाठीवर शोभेल असा.”